नवऱ्याकडून भरपाई हवी, घटस्फोट नको

मुंबईच्या पूर्व उपनगरातून एका वाचक भगिनींनी लिहिलं आहे. वय 39, शाळेच्या कार्यालयात नोकरी, लग्नाला 14 वर्षं, मुलगी सहावीत. भाचीच्या हळदीसाठी दागिने काढायला त्या बँकेच्या लॉकरवर गेल्या, तर आईने दिलेल्या पाटल्या, तोडे, चपलाहार आणि स्वतःच्या पगारातून केलेल्या चार बांगड्या, मिळून साधारण 18 तोळे सोनं, जागेवर नव्हतं. लॉकर दोघांच्या नावावर आहे. नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी ते सोनं काढून तारण ठेवलं होतं. शेअर बाजारातल्या ऑप्शन ट्रेडिंगमध्ये पैसे बुडाले, व्याज थकलं, तोडे आणि चपलाहाराचा लिलावही होऊन गेला. पाटल्या-बांगड्या अजून गहाण आहेत. नवऱ्याचा पगार हातात 62 हजार, घराचा हप्ता 24 हजार, घर दोघांच्या नावावर. तो रडला, पाया पडला, 'सगळं परत करीन' म्हणाला. सासूबाई म्हणतात, 'नवऱ्यानेच घेतलंय ना, परक्याने तर नाही?' भाऊ म्हणतो, सरळ पोलिसात जा. त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत: 'तो मारत नाही, पीत नाही, मुलीवर जीव टाकतो. मला घटस्फोट नकोय. पण माझं झालेलं नुकसान मला भरून हवंय. बायकोला नवऱ्यावर भरपाईचा दावा लावता येतो का? आणि लावला तर मी नक्की कोणाला लुबाडतेय, त्याला की माझ्याच घराला?'

प्रिय मैत्रीण,

आधी सरळ उत्तर देते, कारण तेच तुम्हाला कोणी दिलेलं दिसत नाही. हो, लावता येतो. त्यासाठी घटस्फोटाचा अर्ज करावा लागत नाही, वेगळं राहावं लागत नाही, माहेरी जाऊन बसावं लागत नाही. सकाळी एकाच घरातून दोघांनी निघायचं आणि दुपारी कोर्टात समोरासमोर उभं राहायचं, याला कायद्याची आडकाठी नाही. मनाची असेल, तर तिच्याकडे मी येणारच आहे.

नवरा-बायकोने एकमेकांवर दावा लावणं म्हणजे काहीतरी आक्रीत, असं तुमच्या पत्रात जागोजागी दिसतं. ही समजूत फक्त तुमची नाही. जुन्या इंग्रजी कायद्यात लग्न झालं की दोघं मिळून एकच व्यक्ती धरत, आणि ती व्यक्ती म्हणजे अर्थातच नवरा. मग स्वतःवरच दावा कसा लावणार? 1882 च्या कायद्याने इंग्लंडमधल्या बायकोला स्वतःची मालमत्ता राखण्यासाठी नवऱ्यावर दावा लावायची मुभा मिळाली. पण नवऱ्याने मारहाण केली किंवा त्याने बेफिकिरीने चालवलेल्या गाडीत तिला इजा झाली, तर भरपाई मागता येत नव्हती. दागिना गेला तर दावा, हात मोडला तर नाही! हे चक्क 1962 पर्यंत चाललं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1910 मध्ये नवऱ्याची मारहाण सोसलेल्या एका बाईला हेच सांगून परत पाठवलं होतं. कारणं नेहमीचीच: घरातली शांतता बिघडेल, कोर्टं भरून जातील, क्षुल्लक तक्रारींचा पूर येईल. मला यातलं पहिलं कारण कधीच पटलेलं नाही. ज्या घरात शांतता आहे तिथली बाई वकील शोधत फिरत नाही.

आपल्याकडे अशी सरसकट बंदी कायद्यात नाही. उलट 1872 चा पुरावा कायदाच धरून चालला होता की जोडप्यात दावे होणार. लग्नाच्या नात्यात एकमेकांना सांगितलेल्या गोष्टी कोर्टात उघड करायला लावू नयेत, असा त्यात नियम होता आणि त्याला अपवाद होता तो नवरा-बायकोतल्या दाव्यांचा. 1 जुलै 2024 पासून नवा साक्ष कायदा आला, त्यातही हा अपवाद कायम आहे. आणि मुंबईचं म्हणाल तर इथला नवरा-बायकोचा सगळ्यात गाजलेला दावा एका नवऱ्यानेच लावला होता. 1884 मध्ये दादाजी भिकाजी मुंबई उच्च न्यायालयात गेले, ते बायकोने आपल्याकडे नांदायला यावं म्हणून. बायको म्हणजे रखमाबाई. 1885 मध्ये निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, अपिलात तो फिरला, 1887 मध्ये त्यांना 'नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा' असं सांगण्यात आलं. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. शेवटी 1888 मध्ये दादाजींना 2,000 रुपये देऊन प्रकरण मिटलं आणि रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या. तेव्हाच्या सनातनी मंडळींना नवऱ्याने कोर्टाची पायरी चढण्यात काही वावगं दिसलं नव्हतं. वावगं दिसलं ते बायकोने नाही म्हणण्यात. 'घरातलं घरात मिटवा' हा उपदेश बहुतेक वेळा कोणाच्या वाट्याला येतो, ते यावरून बघा.

आता सासूबाईंचं वाक्य. त्यांच्यावर मी रागावणार नाही, त्यांनी आयुष्यभर हेच ऐकलं असेल. पण कायदा त्यांच्या बाजूला नाही. 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की बाईचं स्त्रीधन तिच्या एकटीच्या मालकीचं असतं. सासरच्या कपाटात ठेवलं म्हणून ते सामाईक होत नाही. ज्याच्या हवाली केलं तो फक्त राखणदार. लॉकर दोघांच्या नावावर असला, तरी त्यातल्या तुमच्या पाटल्या दोघांच्या होत नाहीत. अडीअडचणीला नवऱ्याने ते सोनं वापरलं तर? त्यावरही न्यायालय बोललं आहे: वापरलं तरी ते किंवा त्याची किंमत परत करायची जबाबदारी त्याच्यावर राहते. आणि तुमच्या घरात तर अडचण ही सोनं मोडायचं कारण नव्हती. सोनं गहाण पडल्यावर अडचण आली.

तुमच्या प्रकरणाला अगदी जवळचा एक निकाल एप्रिल 2024 चा आहे. केरळमधल्या एका बाईंचं 89 पवन (एक पवन म्हणजे 8 ग्रॅम) सोनं नवऱ्याने आणि सासूने आपली देणी भागवायला वापरलं. बाईंकडे प्रत्येक दागिन्याची पावती नव्हती, म्हणून उच्च न्यायालयाने त्यांना परत पाठवलं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हे फौजदारी प्रकरण नाही. काय घडलं असण्याची शक्यता जास्त आहे, एवढं बघा. आणि 25 लाख रुपये द्यायला लावले.

हा निकाल वाचून लगेच वकिलाला फोन लावू नका, कारण त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कौटुंबिक न्यायालयाचा निकाल 2011 चा आणि शेवटचा 2024 चा, म्हणजे मध्ये 13 वर्षं गेली. 89 पवन म्हणजे 712 ग्रॅम. त्याचे 25 लाख म्हणजे ग्रॅमला 3,500 रुपयांच्या आसपास, आणि 2024 मध्ये सोन्याचा भाव त्याच्या जवळपास दुप्पट होता. त्या जोडप्याचा संसारही तोपर्यंत संपलेला होता. बाईंना न्याय मिळाला, पण तेवढ्या पैशात त्यांचं सोनं परत आलं नसतं.

मग तुमचा तो प्रश्न, कोणाला लुबाडतेय मी? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर आकड्यांतच द्यायला हवं. समजा तुम्ही दावा जिंकलात आणि नवऱ्याने पैसे दिले नाहीत. मग त्याच्या पगारावर जप्ती आणावी लागेल. पोटगी सोडून बाकीच्या हुकूमनाम्यात पगारातले पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीतून सुटतात. 62 हजारांतून 1,000 वजा केले की 61 हजार, त्याचा एक तृतीयांश म्हणजे 20,333 रुपये. शिवाय एका हुकूमनाम्यासाठी अशी जप्ती एकूण 24 महिनेच चालते. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी पगारातून पावणेपाच ते पाच लाख हाती येणार, आणि 18 तोळ्यांची किंमत आज 20 लाखांच्या पुढे आहे. या 24 महिन्यांत घराचा हप्ता 24 हजार जाणारच. त्याच्या पगारातून घरखर्चाला उरणार साडेसतरा हजार. मुलीची फी, किराणा, लाइट बिल यांतला खड्डा कोण भरणार? तुम्हीच, तुमच्या पगारातून. तेव्हा तुमची भीती निराधार नाही. भरपाईचा काही भाग तुमच्याच स्वयंपाकघरातून फिरून तुमच्या पर्समध्ये येईल.

पण यावरून 'जाऊ दे, घर एकच आहे' इथे पोहोचू नका. सोनं बाहेर गेलं तेव्हा घर एकच होतं का? तेव्हा निर्णय एकट्याचा, सही एकट्याची, ऑप्शनमध्ये फायदा झाला असता तर त्याचा मोठेपणाही एकट्याचा. हिशेब मागितला की मात्र घर एक होतं. हा युक्तिवाद तुम्ही स्वतःशी करताय, त्याने अजून केलेलाही नाही. त्याच्या आधी तुम्हीच त्याची बाजू मांडून मोकळ्या झालात, हे मला पत्रातलं सगळ्यात खटकलेलं.

शिवाय भरपाई म्हणजे दरमहा पगारातून कापलेले पैसेच, असं कुठे आहे? त्याच्याकडे आणखी काय आहे ते बघा. वार्षिक बोनस आहे, शेअरच्या डीमॅट खात्यात उरलंसुरलं असेल, गावच्या जमिनीत हिस्सा असेल. आणि राहतं घर आहे. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याने बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये लागतं. नोंदणीचा खर्च आणि स्थानिक उपकर वेगळे. त्याने आपला अर्धा हिस्सा किंवा त्यातला काही भाग तुमच्या नावावर केला, तर घरखर्चाला धक्का न लागता तुमचं बरंचसं नुकसान भरून निघतं. घरावर कर्ज आहे म्हणून बँकेची ना-हरकत लागेल, सोसायटीत नोंद करावी लागेल. पण ही वाट कोर्टात 13 वर्षं काढण्यापेक्षा पुष्कळ जवळची आहे. तिला एकच अट आहे, तो राजी हवा. आणि दाव्याची खरी ताकद इथेच कामाला येते. आपण दावा लावू शकतो हे ठाऊक असलेली बाई वाटाघाटीला बसते, तेव्हा तिला विनवण्या कराव्या लागत नाहीत.

आता जरा अवघड भाग. तुम्ही लिहिलंय की गेल्या दिवाळीला तुम्ही पाटल्या आणायला निघालात, तेव्हा तो म्हणाला, 'गर्दीच्या दिवसांत ट्रेनमधून सोनं कशाला आणतेस?' आणि तुम्हाला ती काळजी वाटली. त्या वेळी सोनं लॉकरमध्ये नव्हतंच. तुम्ही नुकसान मोजताना तोळे मोजलेत, पण सगळ्यात जास्त ओळी लिहिल्या आहेत त्या या वाक्यावर. म्हणून विचारते, भरून काय हवंय? 18 तोळे? की 'तू खोटं बोललास' हे त्याने चार माणसांत मान्य करणं? की यापुढे घरातला पैसा तुम्हाला विचारल्याशिवाय हलणार नाही याची खात्री? पहिलं, म्हणजे सोनं, कोर्ट देऊ शकतं, तिसऱ्याची थोडीफार सोय करू शकतं. दुसरं कोर्टात मिळणं कठीण, कारण तिथे गेलेला माणूस वकिलाच्या सल्ल्याने सगळंच नाकारतो. 'दागिने तिने स्वतःहून दिले' असं लेखी उत्तर आलं तर तुम्हाला ते वाचणं सोसेल का, याचा आत्ताच विचार करून ठेवा.

मानसिक त्रासाची भरपाई कायद्यात नाही असं मात्र नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात ती आहे, आणि 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका बाईंना मिळालेली 3 कोटींची भरपाई कायम ठेवली. पण तिथे वर्षानुवर्षांचा छळ होता आणि नवऱ्याची ऐपत मोठी होती. तो आकडा मनात धरून बसू नका.

नवऱ्याबद्दल दोन शब्द. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या व्यक्तिगत गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के लोक तोट्यात गेले. सगळ्यांचा मिळून तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. म्हणजे तुमचा नवरा जगावेगळा मूर्ख नाही. पण तोटा झाल्यावर बायकोच्या लॉकरकडे वळणारा माणूस पैशांबरोबर स्वतःवरचा ताबाही हरवून बसलेला असू शकतो. त्याने ट्रेडिंग थांबवलंय का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. ते आधी विचारा. त्याचा सिबिल रिपोर्ट त्याला तुमच्यासमोर मोबाइलवर काढायला लावा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. सोनं तारण ठेवणाऱ्याने वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्ड, ॲपवरचं कर्ज असं काहीच घेतलेलं नाही, यावर माझा विश्वास बसायला वेळ लागेल. त्या कागदावर सगळी कर्जं ओळीने दिसतात. ब्रोकरकडे फ्युचर्स-ऑप्शनचा विभाग बंद करता येतो, तोही तुमच्या समोर बंद करून घ्या. रडणाऱ्या माणसाचा पश्चात्ताप खरा असेलही. हे तिन्ही करायला तो किती खळखळ करतो, त्यावरून कळेल.

भावाचा सल्ला प्रेमापोटी आहे, पण मी तो शेवटी ठेवीन. स्त्रीधनाचा अपहार हा विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो, हे खरं. पण फौजदारी तक्रार शिक्षेसाठी असते, भरपाईसाठी नसते. अटक झाली, नोकरी गेली, तर ज्या पगारातून सोनं परत यायचं तोच थांबला. आणि एकदा सुरू झालेलं फौजदारी प्रकरण आपल्या मनात आलं म्हणून गुंडाळता येत नाही. तो दागिने परत करायला साफ नकार देत असेल, उरलेलंही विकत असेल, तर गोष्ट वेगळी.

तुमच्या जागी मी असते तर आधी कागद करून घेतला असता. तोंडी 'सगळं परत करीन'ला किंमत नाही. 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर, दोन साक्षीदारांसमोर, त्याने लिहून द्यायचं: कोणकोणते दागिने, किती वजनाचे, कोणत्या तारखेला, तुम्हाला न विचारता काढले, कुठे तारण ठेवले, त्यातले कोणते लिलावात गेले. दागिन्यांची वजनं तारणाच्या पावतीवर असतात. म्हणून ती पावती तुमचा सगळ्यात पक्का पुरावा. तिची प्रत घ्या. लग्नाच्या अल्बममधले तोडे-चपलाहार घातलेले फोटो, तुमच्या बांगड्यांची सराफाची बिलं, लॉकर कधी कोणी उघडला याची बँकेतली नोंद आणि 'चुकलं, सगळं परत करीन' हे त्याचे व्हॉट्सॲप मेसेज, सगळं एका फाइलमध्ये ठेवा. आणि या कागदात परतफेड रुपयांत लिहून घेऊ नका, ग्रॅममध्ये लिहा. केरळच्या बाईंचं जे झालं ते लक्षात आहे ना? 'दर तिमाहीला अमुक ग्रॅम 22 कॅरेटचं सोनं किंवा त्या दिवशीच्या भावाने तेवढी रक्कम, घडणावळीसह' असं स्पष्ट असू द्या. घरातला हिस्सा देणार असेल, तर किती ग्रॅमच्या बदल्यात किती, तेही. दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. मुदतीच्या आत देणं लेखी आणि सहीनिशी कबूल केलं, की ती मुदत त्या तारखेपासून पुन्हा मोजली जाते. तुम्हाला आज दावा लावायचा नसेल, तरी हा कागद उद्याचा दावा जिवंत ठेवतो. मसुदा वकिलाकडून करून घ्या, दोन-चार हजारांकडे बघू नका.

साक्षीदार म्हणून मी तुमच्या भावाला आणि सासूबाईंना बसवीन. सासूबाईंना मुद्दाम. लेकाने काय केलं ते त्याच्या अक्षरात वाचल्यावर त्या पुन्हा तेच वाक्य म्हणतात का, बघू.

त्याने सही करायला टाळाटाळ केली, तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. नावात हिंसाचार आहे म्हणून बिचकू नका. स्त्रीधन परस्पर विकणं किंवा अडकवणं हा त्या कायद्यात आर्थिक छळ धरला जातो. त्याखाली नुकसानीची रक्कम मागता येते आणि वर वेगळी भरपाईही. तुमच्यासाठी त्यातली आणखी कामाची तरतूद म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय त्याने लॉकर, खाती आणि मालमत्ता यांना हात लावू नये, असा मनाई हुकूम मिळू शकतो. हा सगळा खटाटोप त्याच घरात राहून करता येतो आणि घरातून काढण्यापासून संरक्षणही मागता येतं. दुसरी वाट वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयाची. 1984 च्या कायद्यानुसार नवरा-बायकोतले मालमत्तेचे दावे तिथे चालतात, आणि आधी समेटाचा प्रयत्न करणं हे त्या न्यायालयाचं कामच आहे. तिथले समुपदेशक दोघांना बसवून बोलतात. दावा लावल्यावर काही संसार मोडतात हे मी नाकारणार नाही, पण काही जण तिथेच पहिल्यांदा एकमेकांसमोर हिशेब मांडतात.

खर्चाचं म्हणाल, तर 1994 पासून महाराष्ट्रात पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत बायकांना कोर्ट फी माफ आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो आणि बाईसाठी त्याला उत्पन्नाची अट नाही. पोलिसांच्या यंत्रणेतला महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबईतच सुरू केला. तक्रार न नोंदवताही तिथे जाऊन बोलता येतं.

हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने पडलेल्या इतर वाचकांसाठी थोडं. बायकोने परस्पर कर्ज काढलं, दुकानाचे पैसे माहेरी वळवले, अशी पत्रं पुरुषांकडूनही येतात. हिंसाचाराचा कायदा त्यांना उपलब्ध नाही, पण कौटुंबिक न्यायालयातला मालमत्तेचा दावा नवऱ्यालाही लावता येतो; ग्रॅम आणि तारखांसह लिहून घेतलेला कागद दोघांनाही तितकाच कामाचा. जिथे मारहाण आहे, तिथे मात्र वरचा कागद, साक्षीदार, वाटाघाटी काही नको. तिथे 181 ला फोन करा आणि आधी सुरक्षित जागी जा. आणि 'लग्नात मानपान केला नाही', 'बहिणीसमोर टाकून बोलला' अशा गोष्टींसाठी भरपाई मागावी का, असंही विचारतात. इंग्लंडच्या 1962 च्या कायद्यात एक शहाणपणाची सोय आहे: दाव्यातून दोघांपैकी कोणाचाच ठोस फायदा होणार नसेल, तर न्यायाधीश तो तिथेच थांबवू शकतात. आपल्याकडेही तसं कलम असावं असं मला वाटतं, फक्त 'ठोस फायदा' कशाला म्हणायचं हे ठरवताना बायकांचं नुकसान क्षुल्लक धरायची जुनी खोड आडवी येऊ नये.

नवऱ्याची आणखी देणी निघाली, तर एक गोष्ट लगेच करा. त्याचा नवा मुदतीचा विमा 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली उतरवून घ्या. त्याची रक्कम बायको-मुलांसाठी राखीव राहते, देणेकऱ्यांना तिला सहसा हात लावता येत नाही. हे पॉलिसी काढतानाच सांगावं लागतं, नंतर जोडता येत नाही. एजंटला फॉर्मबद्दल विचारा, त्याला माहीत असतं.

आणि हे सगळं होईपर्यंत थांबून चालणार नाही अशी गोष्ट म्हणजे त्या पाटल्या आणि बांगड्या. तारण कंपनीकडून या कर्जाचा उतारा याच आठवड्यात मागवायला लावा. थकलेलं व्याज त्याच्या खात्यातून भरून घ्या, म्हणजे लिलाव टळू शकेल. लिलावाची नोटीस कोणत्या पत्त्यावर जाते ते बघा. त्याने ऑफिसचा पत्ता दिला असेल, तर घरचा नोंदवून घ्या. तोडे गेल्याचं तुम्हाला उशिरा कळलं, त्याचं कारण बहुतेक हेच. दरम्यान तुमच्या एकटीच्या नावावर लॉकरसाठी अर्ज करून ठेवा, मुंबईत बऱ्याच शाखांत थांबावं लागतं. सोडवायच्या दिवशी त्याच्याबरोबर तुम्हीही जा. कर्ज त्याच्या नावावर आहे, त्यामुळे दागिने काउंटरवर त्याच्याच हातात देतील; वजन तिथेच करून, पावतीशी ताडून घ्या.